विष उतरल्यावर: एकशे ऐंशी तासांचा घटनाक्रम

२०१७ च्या फवारणी हंगामाचा यवतमाळ जिल्ह्याचा घटनाक्रम कुणालाही लिहिता येईल. फवारता फवारता माणसं कशी पडत गेली, शेकड्यांनी दवाखान्यात कशी भरती झाली, एकट्या या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर कसे गेले, याची कागदपत्रं आहेत. वर्तमानपत्रांचे गठ्ठे आहेत. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं, त्याचा अहवाल आहे. विष दिसतं. त्याची बाटली असते आणि बाटलीवर कंपनीचं नाव असतं.

दवाखान्यातल्या जंतूचं असं काही नसतं. फवारणीच्या विषातून वाचलेला माणूस पाचव्या-सहाव्या दिवशी न्यूमोनियाने जातो तेव्हा गावात सांगतात, ‘औषध लागलं होतं ना त्याले.’ तेवढ्यावर विषय संपतो.

म्हणून हा घटनाक्रम जुळवावा लागला. यातला माणूस कुणी एक नाही. हा वॉर्डही कुठल्या एका दवाखान्याचा नाही. तो यवतमाळ, वर्धा किंवा सीमेपलीकडच्या आदिलाबादचा, सरकारी किंवा खाजगी, कसाही असू शकतो. विषाची चाल, जंतूची चाल आणि प्रयोगशाळेला लागणारा वेळ मात्र वैद्यकाच्या पुस्तकात आहे तसाच ठेवला आहे. उलटी गणती शनिवारी सकाळी सुरू होते आणि पुढच्या शनिवारी रात्री संपते.

१८० तास आधी. शनिवार, सकाळी ११

घाटंजीकडचं एक वावर. पऱ्हाटी छातीला लागलेली, पाऊस दोन दिवस थांबलेला, वारा पडलेला. पाठीवर बॅटरीचा पंप, दोन औषधं एकत्र कालवलेली, शर्ट पाठीला चिकटलेला. वारा पडला की फवारा वर उडत नाही, माणसाभोवतीच घुटमळतो. दुपारी दोनला तो बांधावर बसतो आणि बायकोला म्हणतो, ‘डोळ्यापुढं अंधारी येऊन रायली वं.’

आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवू. तीन आठवड्यांपूर्वी त्याला सर्दी-खोकला झाला होता. चौकातल्या मेडिकलवाल्याने अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या दिल्या होत्या. सर्दी विषाणूची होती, तिला त्या गोळ्यांचा उपयोग शून्य. पोटातल्या निरुपद्रवी जंतूंपैकी जे त्या औषधाला दबणारे होते ते मेले, न दबणारे उरले. २०१४ पासून अनेक अँटिबायोटिक्स एच-वन अनुसूचीत आली, दुकानदाराने त्यांची वेगळी वही ठेवायची, असा नियम झाला. तालुक्याच्या चौकात ती वही बघायला कोण आणि कधी येतं, हे तिथल्या कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारावं.

१७४ तास आधी. शनिवार, संध्याकाळी ५

ग्रामीण रुग्णालय. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम, छातीत घरघर. डॉक्टर तरुण आहे, बंधपत्रावर आलेला, पण या मोसमात हे चित्र त्याला पाठ आहे. कपडे काढले, साबणाने अंग धुतलं, ॲट्रोपिन सुरू केलं, १०८ ला फोन केला. सगळं बरोबर, सगळं वेळेत.

शेवटी कागदावर एक ओळ वाढते: सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, एक ग्रॅम, शिरेतून. ‘कव्हर’ म्हणून. विषाला अँटिबायोटिक लागत नाही आणि या घटकेला त्याला जंतुसंसर्गही नाही. पण मोठ्या दवाखान्यात कुणी ‘हे का नाही दिलं?’ असं विचारू नये, म्हणून ते दिलं जातं. आपल्याकडे निम्मी अँटिबायोटिक्स जंतूच्या भीतीने लिहिली जातात आणि निम्मी वरच्या डॉक्टरच्या. हे माझं मत, मोजणी नव्हे.

१७१ तास आधी. शनिवार, रात्री ८

मोठा दवाखाना. ॲट्रोपिनचा डोस दर काही मिनिटांनी दुप्पट होतो, छाती कोरडी होईपर्यंत. सोबत पाम, म्हणजे प्रॅलिडॉक्सिम. ॲट्रोपिन चढलं की माणूस बडबडतो, चादर ओढतो, हवेतलं काहीबाही पकडतो. बाहेर बायको रडते, ‘याहीले येड लागलं का?’ सिस्टर समजावते, ‘औषधाचं आहे ते ताई, उतरेल.’

विष किती लागलं हे रक्तातल्या कोलिनेस्टरेजवरून कळतं. २०१७ साली यवतमाळात ही तपासणीच होत नव्हती आणि तपासात त्यावर बोट ठेवलं गेलं. डॉक्टर तेव्हा लक्षणांवरून अंदाज बांधत होते. जंतूच्या बाबतीत हेच पुढच्या आठवडाभरात घडणार आहे. तपासणी या वेळी उपलब्ध आहे, पण तिचं उत्तर उशिरा येतं.

रविवारी सकाळी तो शुद्धीवर येतो. पाणी मागतो. म्हातारा बाप बाहेर येऊन सगळ्यांना सांगतो, विष उतरलं.

१४४ तास आधी. रविवार, रात्री ११

रात्रीच्या राऊंडला निवासी डॉक्टर त्याला उशीवरून मान उचलायला सांगतो. मान उचलत नाही.

ऑर्गॅनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेत पहिलं वादळ शमल्यावर, एक ते चार दिवसांच्या दरम्यान, मान, खांदे आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडतात. श्रीलंकेच्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये याचं नीट वर्णन केलं. तिथेही शेती, तिथेही फवारणी. अशा वेळी श्वास यंत्राने द्यावा लागतो, कधी आठवडा, कधी दोन. पर्याय नसतो. तोंडातून श्वासनळीत नळी गेली, व्हेंटिलेटर सुरू झाला, बेड नंबर सात. या घटकेला या यंत्राने त्याचा जीव वाचवला, हे आधी स्पष्ट लिहायला हवं, कारण पुढचं वाचून कुणी व्हेंटिलेटरलाच नावं ठेवील.

नळीचं दुसरं काम मात्र कुणाच्या हातात नसतं. खोकला, घशातली झापड, श्वासनळीतले केसासारखे तंतू, म्हणजे फुफ्फुसाची सगळी राखण तिच्यामुळे बाजूला पडते. बाहेरचं जग आणि फुफ्फुस यांच्यामध्ये आता फक्त माणसांचे हात आहेत.

१४० तास आधी. सोमवार, पहाटे ३

ही घटका महत्त्वाची आहे आणि नेमकी हीच कुठल्याही कागदावर नाही.

बेड सहाचा अलार्म वाजला. सिस्टरने तिथली नळी सक्शनने साफ केली. त्याच वेळी सातचाही वाजू लागला. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका हवी, असं नियम सांगतो. इथे आज रात्री सहा रुग्णांमागे दोघी आहेत, त्यातली एक खाली रक्ताची पिशवी आणायला गेली आहे. हातावर चोळायच्या स्पिरिटची बाटली बेडच्या पायथ्याशी टांगलेली आहे. तिचं बटण दाबलं की हवा येते, संपली आहे. नळ वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला. सातच्या पडद्यावरचा ऑक्सिजन ८४ दाखवतो आहे. ती ग्लोव्ह बदलते, हात धुत नाही. मग व्हेंटिलेटरची कळ फिरवते, सक्शनची नळी उचलते, काम करते. ऑक्सिजन ९६ वर येतो.

तिने एक जीव वाचवला आणि त्याच हालचालीत एक जंतू आत गेला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. ज्यांना हे पटत नाही त्यांनी एकदा रात्रपाळीला उभं राहून पाहावं.

जंतूचं नाव ॲसिनेटोबॅक्टर बाउमानी. तो व्हेंटिलेटरच्या कळीवर बसला होता. या खाटेवरचा आधीचा रुग्ण दहा दिवसांपूर्वी सुट्टी होऊन घरी गेला, जंतू मागे राहिला. कोरड्या पृष्ठभागावर हा काही दिवसांपासून पाच महिन्यांपर्यंत तग धरतो, असं २००६ च्या एका जर्मन आढाव्यात नोंदलेलं आहे. वॉर्डाची सफाई करणारे मामा खाट पुसतात, लादी पुसतात, उशी उन्हात टाकतात. यंत्राच्या कळीला हात लावायची त्यांना बंदी आहे, कारण यंत्र महागाचं. सिस्टर यंत्र वापरते, पण पुसणं तिच्या यादीत नाही. कळ कुणाचीच नाही.

धडधाकट माणसाच्या तळहातावर हा जंतू काहीच करत नाही. त्याची ताकद दुसरीकडे आहे. कार्बापेनेम गटाची औषधं, म्हणजे मेरोपेनेम आणि इमिपेनेम, तोडणारी विकरं तो बनवतो. त्यातल्या एनडीएम-१ या विकराची गोष्ट आपल्याला जवळची आहे. २००८ साली स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या रुग्णात ते पहिल्यांदा सापडलं आणि त्याला नवी दिल्लीचं नाव मिळालं. मार्च २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं की कार्बापेनेमला न जुमानणारे आतड्यातले जंतू त्यांनी तपासले, २४ पैकी २२ मध्ये हे विकर होतं. आपल्याच देशातल्या डॉक्टरांच्या नियतकालिकात, आपल्याच शहरातली माहिती. त्या अंकात चेन्नईच्या डॉ. अब्दुल गफूर यांनी संपादकीय लिहिलं आणि त्याला अँटिबायोटिक्सचा मृत्युलेख म्हटलं. कुणी हललं नाही. ऑगस्टमध्ये ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकात तेच आल्यावर देश हलला, पण कशासाठी? जंतूला दिल्लीचं नाव का दिलं, आपल्या वैद्यकीय पर्यटनाची बदनामी का केली, यासाठी. वॉर्डातल्या नळांची संख्या त्या वादात आली नाही.

११६ तास आधी. मंगळवार, पहाटे ३

नळीच्या आतल्या बाजूला, हौदाच्या भिंतीवर शेवाळ धरावं तसा, जंतूंनी एक चिकट थर धरला आहे. त्या थरात औषध नीट शिरत नाही. प्रत्येक सक्शनला त्याचे कण खाली फुफ्फुसात पडतात. ताप नाही, छातीचा फोटो स्वच्छ. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन चालूच आहे आणि घशातल्या साध्या जंतूंना मारून या पाहुण्याला जागा करून देतं आहे.

८४ तास आधी. बुधवार, सकाळी ११

मान उचलली! तीन सेकंद. डॉक्टरला पाच सेकंद हवे होते. श्वासही थोडा स्वतःचा घेतो आहे. नळी काढून पाहायची का, यावर राऊंडला दोन मिनिटं बोलणं होतं.

बाहेर काढायचा दरवाजा होता तो हाच. कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात, १९९८ साली, दिसलं होतं की व्हेंटिलेटरवरच्या पहिल्या पाच दिवसांत न्यूमोनियाचा धोका रोज सुमारे तीन टक्क्यांनी साचत जातो. तिथली नर्सिंगची संख्या आणि हात धुवायची सोय आपल्यासारखी नव्हती, म्हणजे आपला आकडा याहून बरा असण्याचं कारण नाही. प्रत्येक दिवस मोजून द्यावा लागतो. डोकं ३० ते ४५ अंश वर, तोंडाची सफाई, नळीच्या फुग्यातला दाब तपासणं, झोपेचं औषध रोज थोडा वेळ थांबवून ‘आज नळी निघते का?’ असं विचारणं. यातल्या एकाही गोष्टीला नवं औषध लागत नाही.

पण नळी काढली आणि रात्री श्वास पुन्हा ढिला पडला तर? रात्री एकच निवासी डॉक्टर असतो, तो अपघात विभागही बघतो. नळी घाईत पुन्हा घालावी लागली तर धोका मोठा. ‘आज नको. उद्या सकाळी माणसं असतील, तेव्हा बघू.’

मी हा निर्णय चुकीचा म्हणू शकत नाही. त्या रात्रीच्या मनुष्यबळात तोच शहाणपणाचा होता. जंतुप्रतिकारावरच्या चर्चा बहुतेक औषधांवर होतात. या घटनाक्रमात सर्वांत महाग पडलेली गोष्ट म्हणजे रात्रपाळीला नसलेला एक जास्तीचा डॉक्टर.

६७ तास आधी. गुरुवार, पहाटे ४

ताप १०२. नळीतून हिरवट-पिवळा, घट्ट कफ. ऑक्सिजन वाढवावा लागला. सकाळी फोटोत उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात पांढरा डाग दिसेल. नळी घातल्यावर ४८ तासांनंतर हे झालं तर त्याला व्हेंटिलेटर न्यूमोनिया म्हणतात. इथे ७७ तास झाले आहेत.

६५ तास आधी. गुरुवार, सकाळी ६

कफाचा आणि रक्ताचा नमुना घेतला. आता थांबता येत नाही, काहीतरी सुरू करायला हवं. निवासी डॉक्टर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन खोडतो आणि लिहितो: मेरोपेनेम, एक ग्रॅम, दर आठ तासांनी.

हा अंदाज आहे. वैद्यकात त्याला चांगलं नाव आहे, ‘एम्पिरिकल’, पण तो अंदाजच. आणि आपल्या देशात या अंदाजाचा भाव किती उरला आहे, याची मोजणी उपलब्ध आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, रुग्णालय जाळ्याच्या २०२१ च्या अहवालात ॲसिनेटोबॅक्टरचे ८७.५ टक्के नमुने कार्बापेनेमला दाद न देणारे निघाले. जंतू ॲसिनेटोबॅक्टर असेल तर मेरोपेनेम लागू पडण्याची शक्यता आठात एक. क्लेबसिएला हा दुसरा जंतू असता तर थोडी बरी, तीही झपाट्याने घसरते आहे: इमिपेनेमला दबणारे क्लेबसिएला २०१६ मध्ये ६५ टक्के होते, २०२१ मध्ये ४३.

यवतमाळहून पाऊण-एकशे किलोमीटरवर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. तिथले तेव्हाचे वैद्यकीय अधीक्षक डॉ. एस. पी. कलंत्री यांनी २०२२ साली बीबीसीशी बोलताना याच दुखण्याकडे लक्ष वेधलं होतं. म्हणजे हे सगळं दिल्ली-मुंबईच्या पंचतारांकित रुग्णालयांचं प्रकरण आहे, असं म्हणायची सोय विदर्भाला नाही.

६१ तास आधी. गुरुवार, सकाळी १०

नमुना प्रयोगशाळेत पोचला. घेतला पहाटे, नेणारा मामा आला नऊला, मध्ये तो ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर होता. तंत्रज्ञ काचपट्टीवर पसरून रंगवते. गुलाबी, आखूड, जोडीजोडीने बसलेले जंतू. हे पाऊण तासात कळतं, वॉर्डात फोन करून सांगताही येतं. आज फोन लागत नाही.

मग रक्त-आगार आणि मॅककॉन्की, दोन ताटल्या, ३७ अंशांच्या कपाटात. आता रात्रभर वाट पाहायची. जंतू जेवढ्या वेळात वाढतो तेवढ्याच वेळात तो दिसतो, त्याला घाई करता येत नाही.

५० तास आधी. गुरुवार, रात्री ९

मेरोपेनेमचे दोन डोस गेले. ताप १०२.४. बाहेर मेहुणा विचारतो, ‘भारी औषध चालू केलं म्हणे, मंग ताप काहून नाही उतरून रायला?’

३७ तास आधी. शुक्रवार, सकाळी १०

ताटलीवर फिकट, रंगहीन ठिपके. गुलाबी असते तर क्लेबसिएलाचा संशय. फिकट म्हणजे दुधातली साखर न आंबवणारा, आणि कालची आखूड जोडी आठवून तंत्रज्ञ मान हलवते. पुढची पायरी: जंतू दुसऱ्या ताटलीवर सारखा पसरायचा, वर औषधाच्या छोट्या कागदी चकत्या ठेवायच्या, पुन्हा कपाटात. जंतू दबणारा असेल तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ उमटतं, ते उद्या पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचं. ही पद्धत १९६० च्या दशकातली आहे. स्वस्त, भरवशाची, आणि तिला आणखी एक रात्र लागते. जिथे यंत्रं आहेत तिथे हे काही तासांवर येतं. यंत्राच्या किटचे पैसे संपले की तिथेही कागदी चकत्याच.

२७ तास आधी. शुक्रवार, रात्री ८

रक्तदाब ८०-४०. सलाईन चढवलं, मग नॉरअ‍ॅड्रेनलिनचा पंप. लघवी कमी झाली आहे. सेप्टिक शॉक.

कॅनडातल्या विनिपेगच्या डॉ. आनंद कुमार यांच्या गटाने २००६ मध्ये अशा दोन हजारांहून जास्त रुग्णांचे तास मोजले होते. रक्तदाब पडल्यापासून पहिल्या तासात लागू पडणारं औषध मिळालेल्यांपैकी जवळजवळ ८० टक्के वाचले. पुढच्या सहा तासांत प्रत्येक तासाच्या उशिराने वाचण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटली. यातला ‘लागू पडणारं’ हा शब्द निर्णायक आहे. सात नंबरला गुरुवार सकाळपासून देशातलं सर्वांत वरच्या फळीतलं औषध वेळेवर, एकही डोस न चुकता मिळतं आहे. जंतूच्या हिशोबात त्याला अजून काहीच मिळालेलं नाही.

नागपूरला न्यायचं का? व्हेंटिलेटरवरचा रुग्ण, पंपावर टिकलेला रक्तदाब, इतका लांबचा रस्ता. बाप विचारतो, ‘साहेब, तुमचा बाप असता तर काय केलं असतं?’ डॉक्टर म्हणतो, ‘हलवला नसता, बाबा.’

१३ तास आधी. शनिवार, सकाळी १०

अहवाल. ॲसिनेटोबॅक्टर. औषधांच्या नावांपुढे एकाखाली एक: आर, आर, आर, आर. मेरोपेनेमपुढे आर, म्हणजे रेझिस्टंट, दाद न देणारा. चकतीच्या अगदी काठापर्यंत जंतू वाढलेला, मोकळं वर्तुळ नाहीच. कोलिस्टिनपुढे रिकामी जागा, कारण त्याची परीक्षा चकतीने करता येत नाही, त्याला वेगळी द्रवातली चाचणी लागते आणि तिला आणखी एक दिवस. या वेळी फोन लागतो.

९ तास आधी. शनिवार, दुपारी २

कोलिस्टिन, पहिला डोस ९० लाख युनिट. दवाखान्यात साठा संपलेला, मेहुण्याने बाहेरून आणलं.

१९४० च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये सापडलेलं हे औषध मूत्रपिंडं बिघडवतं म्हणून डॉक्टरांनी १९७० च्या दशकात बाजूला टाकलं होतं. बाकीची औषधं हरली म्हणून ते परत आलं. माणसांसाठी शेवटचं म्हणून राखलेलं हे औषध आपण कोंबड्यांना वजन वाढवायला खाऊ घालत होतो. केंद्राने त्यावर बंदी आणली ती जुलै २०१९ मध्ये. आणि सात नंबरची मूत्रपिंडं कालपासूनच मंदावली आहेत.

कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या जंतूंच्या रुग्णांपैकी किती जणांना योग्य औषध मिळतं, याचा अंदाज आठ देशांच्या २०१९ च्या माहितीवरून काढला गेला आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात ७.८ टक्के. म्हणजे जास्त औषध खाणारा आणि योग्य औषधाला मुकणारा देश एकच. नवी औषधं येत आहेत. त्यातलं झिडेबॅक्टम तर आपल्या छत्रपती संभाजीनगरातल्या वोक्हार्टच्या प्रयोगशाळेत शोधलं गेलं. ते घाटंजीच्या माणसाला कोणत्या भावात आणि किती तासांत मिळेल, हा निराळा प्रश्न. श्रीमंत देशातही औषध कधी कधी संपतं: २०१६ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडात एक बाई वारली. भारतात मांडीच्या हाडाचे उपचार घेऊन ती परतली होती आणि तिचा क्लेबसिएला तिथल्या सर्व २६ अँटिबायोटिक्सना पुरून उरला.

शून्य. शनिवार, रात्री ११

हृदय थांबलं. वीस मिनिटं छाती दाबली. संपलं.

नंतर

विषबाधेचं प्रकरण म्हणजे पोलीस केस. पंचनामा, शवविच्छेदन, व्हिसेरा न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे. तिथे पोटातल्या आणि यकृतातल्या तुकड्यांत कीटकनाशक शोधलं जाईल, जे आठवडाभरात शरीराने बहुतांशी संपवलेलं आहे. ज्याने मारलं तो जंतू सूक्ष्मजीवशास्त्राच्या ताटलीत आहे, आणि ती ताटली सोमवारी नेहमीच्या कचऱ्यासोबत वाफेच्या भांड्यात जाईल.

मृत्यूच्या कारणाच्या नमुन्यात तीन ओळी असतात. तात्काळ कारण: सेप्टिक शॉक. त्याचं कारण: न्यूमोनिया. मूळ कारण: ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधा. आकडेवारीत मोजलं जातं ते मूळ कारण. यात खोटं काही नाही. तरीही प्रतिकारक जंतूला इथे रकाना नाही.

आणि रकाना नसणं सगळ्यांना सोयीचं आहे, हे बोललं पाहिजे. दवाखान्याला आपल्या वॉर्डात जंतू आहे हे लिहून द्यायचं नाही. डॉक्टरला मार खायचा नाही. आणि घरच्यांना? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. कीटकनाशकाची विषबाधा त्यात बसते, दवाखान्यातला संसर्ग बसत नाही. सातबारा, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि व्हिसेराचं उत्तर घेऊन त्या बाईला तालुक्याच्या कृषी कार्यालयात जायचं आहे. तिच्या कागदावर जंतू लिहिला गेला तर दोन लाख अडकतील. मी तिच्या जागी असतो तर मीही म्हटलं असतं, साहेब, विषच लिहा.

२०२१ मध्ये प्रतिकारक जंतूंमुळे जगात ११ लाख ४० हजार माणसं थेट दगावली, असा ‘लॅन्सेट’मधला अंदाज आहे. तो गणिती प्रारूपातून काढलेला, म्हणजे अशा लाखो कोऱ्या रकान्यांवरून बांधलेला. जिथे मोजायचं ठरवलं तिथे मोजता येतं: व्हेंटिलेटरच्या दर हजार दिवसांमागे किती न्यूमोनिया झाले, एवढी एक वही वॉर्डात ठेवायची. दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने देशातली काही रुग्णालयं अशी वही ठेवतात. तिला लागते एक शिकलेली संसर्ग नियंत्रण परिचारिका, जिला दुसरी ड्युटी लावली जात नाही. बहुतेक जिल्ह्यांत तिला लसीकरणाला, शिबिराला, मंत्र्यांच्या दौऱ्याला पाठवतात.

रविवारी पहाटे एकला बेड सातची गादी बदलली. मामांनी खाट पुसली, लादी पुसली. दीडला पांढरकवड्याहून फवारणीचा दुसरा रुग्ण आला. त्याची मान अजून उचलली जात होती.